घरात लाइट पेंटिंग: रेषा पांढरी फटक, मागची भिंत तपकिरी. काय चुकतंय?

मांजलपूर_तिसरा_मजला

दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी अंधारात टॉर्चने हवेत ‘शुभ दीपावली’ लिहून फोटो काढायचा आहे. सगळे आकडे देतो, म्हणजे कुणाला अंदाजपंचे उत्तर द्यावं लागणार नाही.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, लेन्स १८-५५ किट. मोड एम (सगळं हाताने), शटर ३० सेकंद, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ/५.६ (आकडा वाढला की भोक लहान), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनक्षमता ४००, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटो. ट्रायपॉड हलका, अ‍ॅल्युमिनियमचा. खोली १० बाय १२ फूट, पडदे लावलेले, पण रस्त्याचा पिवळा दिवा खिडकीसमोरच आहे. उजेडाला मोबाइलचा टॉर्च, त्यावर लाल जिलेटीन पेपर. अगाशी (गच्ची) वापरता येते.

होतंय ते असं: रेषा लाल न येता मधे पांढरी आणि कडेला जेमतेम गुलाबी. मागची भिंत चहाच्या रंगाची. हात आणि शर्टाची बाही भुतासारखी दिसते. अक्षरं उलटी येतात ते ठीक, पण शिरोरेघ एका पातळीत येत नाही आणि दोन अक्षरांमधे नको ती जोडरेघ उमटते. ‘ली’ येईपर्यंत शटर बंद.

शटर १५ सेकंद करून पाहिलं तरी रेषा तेवढीच पांढरी. हे का?

दांडियाबाजार_डार्करूम

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं निम्मं त्यात सुटतं.

भिंत हलत नाही. ती सेन्सरच्या त्याच ठिपक्यांवर पूर्ण ३० सेकंद उजेड टाकत राहते, म्हणून शटर निम्मं केलं की भिंतीचा उजेडही निम्मा. टॉर्च मात्र एका ठिपक्यावर सेकंदाचा बारीकसा तुकडाच थांबतो आणि पुढे सरकतो. शटर १५ सेकंद ठेवा नाहीतर ५ मिनिटं, त्या ठिपक्याला मिळायचा उजेड तेवढाच. रेषा किती उजळ येणार हे टॉर्चची ताकद, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि हाताचा वेग ठरवतात. शटर त्या हिशेबात नाहीच. तेव्हा आधी रेषा जमवा, भिंत मागाहून.

रेषेसाठी एफ/११ आणि आयएसओ १००. अ‍ॅपर्चरचे दोन स्टॉप, आयएसओचे दोन, आणि दर स्टॉपला उजेड निम्मा, म्हणजे आताच्या उजेडाचा सोळावा हिस्सा. लाल रंग पांढरा का होतो? जिलेटीनमधून थोडा हिरवा-निळा गळतोच. लाल चॅनल (सेन्सरचा लाल उजेड मोजणारा भाग) काठोकाठ भरला की तो तिथेच थांबतो आणि बाकीचे दोन मागून येऊन त्याला गाठतात. तिन्ही भरले की पांढरं. एफ/११ लाही मधली रेघ पांढरी राहिली तर एफ/२२ कडे पळू नका, किट लेन्स तिथे मऊ पडते. टॉर्चवर पतंगाच्या कागदाचा आणखी एक थर चढवा.

आता भिंत. टॉर्च न पेटवता एक रिकामा फोटो काढा. तो काळाकुट्ट यायला हवा. दर वेळी ३० सेकंद ताटकळायला नको: आयएसओ ३२०० वर १ सेकंद म्हणजे आयएसओ १०० वर ३२ सेकंद. त्या एका सेकंदाच्या फोटोत घरातले सगळे चोर सापडतात. राउटरचा हिरवा दिवा, एसीवरचा आकडा, मच्छरच्या मशीनचा लाल ठिपका, देवघरातला झिरोचा बल्ब, दाराखालची फट. ठिपक्यांवर काळी इन्सुलेशन टेप, फटीला जुना टॉवेल. पडद्याच्या आतून एक जाड चादर चिमट्यांनी लावा. नुसता पडदा कडेने गळतो, मधून नाही.

फोकस अंधारात लागत नाही. जिथे उभं राहून लिहिणार तिथे स्टुलावर टॉर्च पेटवून ठेवा, त्यावर ऑटोफोकस करा आणि लगेच लेन्सवरचं बटण एमएफवर (हाताने फोकस) ढकला. हे विसरलं की शटर दाबल्यावर लेन्स नुसती घरघरत राहते, फोटो निघतच नाही. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन बंद. व्हाइट बॅलन्स ऑटो ठेवलं तर प्रत्येक फोटोत लाल वेगळा येईल. ४००० केल्व्हिनवर बांधून टाका आणि रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, खालचे सगळ्यात बारीक पायही शक्यतो आतच ठेवा. त्याला पिशवी लटकवणार असाल तर ती जमिनीला टेकलेली असू द्या, लोंबकळणारी पिशवीच झोके घेते. पंखा बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (काळ्या भागातले रंगीत ठिपके पुसणारी सोय) सरावापुरतं बंद ठेवा, नाहीतर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद गप्प बसतो.

फिरकी_आणि_तार

वरचं सगळं मान्य, पण मोबाइलचा टॉर्च या कामाचं हत्यार नाही. झोत रुंद, चालू-बंद करायला स्क्रीन पेटवावी लागते आणि त्या स्क्रीनचा उजेडही फोटोत येतो. तुमचा हात आणि बाही दिसते ती बहुतेक यामुळेच.

काही रुपयांत चांगलं हत्यार होतं. ५ मिलिमीटरचा एलईडी, एक सीआर२०३२ बटण सेल, टेप. एलईडीचा लांब पाय सेलच्या प्लस बाजूला, आखूड दुसऱ्या बाजूला. यात रेझिस्टर लागत नाही, कारण या सेलचा आतला रोधच करंट आवरून धरतो. पेन्सिल सेल वापरले तर तसं चालणार नाही. दोन पेन्सिल सेल ३ व्होल्ट देतात, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरला १ व्होल्ट. २० मिलिअँपिअर धरले तर ५० ओहम येतात, म्हणून ५६ ओहमचा रेझिस्टर लावा. निळा-पांढरा ३ व्होल्टच्या आसपास पेटतो, त्याला दोन पेन्सिल सेल जेमतेम पुरतात. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर पांढरा लावायचा तर ४७० ओहम. एकाच सेलवर लाल आणि निळा समांतर जोडू नका. लाल सगळा करंट ओढतो, निळा मंद मिणमिणतो किंवा पेटतच नाही. दुकानात नुसता ‘एलईडी द्या’ म्हणालात तर कोणताही देतील, रंग आणि ५ एमएम दोन्ही सांगा.

एक खोड सांगून ठेवतो. पारदर्शक टोकाच्या एलईडीचा झोत निमुळता असतो. मनगट जरा वळलं की रेषा जाड-बारीक होते, मधेच गायबही होते. टोक बारीक पॉलिश पेपरने घासून दुधी करा, किंवा पिंगपाँगच्या चेंडूला भोक पाडून आत बसवा. चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, म्हणजे रेषाही तेवढी जाड आणि सगळीकडून सारखी. मात्र उजेड पसरल्यामुळे रेषा मंद होते, तेव्हा एफ/११ ऐवजी एफ/८.

एलईडीच्या पाठीमागे आणि बाजूंनी काळी टेप गुंडाळा, उजेड फक्त कॅमेऱ्याकडे जाऊ द्या. टॉर्चच वापरायचा असेल तर काळ्या कागदाची ४ सेंटिमीटरची नळी त्याच्या तोंडावर चढवा. वर काळा पूर्ण बाह्यांचा शर्ट. पांढरी बाही कितीही भराभर हलवली तरी दिसणार.

रेषा अखंड न येता ठिपक्याठिपक्यांची आली तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. बरेच टॉर्च मंद मोडवर एलईडी मंद करत नाहीत, भराभर चालू-बंद करतात. डोळ्याला कळत नाही, सरकत्या रेषेत उघडं पडतं. प्लगवर चालणाऱ्या स्वस्त सिरीजचंही तेच. आपली वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. हात सेकंदाला २ मीटर गेला तर दर २ सेंटिमीटरला एक तुकडा. उपाय म्हणजे टॉर्च पूर्ण ताकदीवर चालवून पुढे कागद लावणे. (मुद्दाम असेच तुकडे पाडणारेही होऊन गेले. १९१४ च्या सुमारास फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधून त्यांच्या हालचालींचे फोटो घ्यायचे आणि दिव्याचा करंट ठरावीक वेळाने तोडायचे. तुकडे मोजले की हालचालीला किती वेळ लागला ते कळायचं.)

नवरात्रात मिळणाऱ्या एलईडीच्या दांडिया कुणाकडे पडून असतील तर त्या लिहायला निरुपयोगी, पण उभी धरून आडवी ओढली की उजेडाचा पडदा येतो. लुकलुकणारा मोड बंद करा.

आणि बटण सेल वापरून झाल्यावर टेपसकट डब्यात बंद. लहान मुलाने तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका आतून भाजते, ताबडतोब हॉस्पिटलच गाठावं लागतं.

शिरोरेघ

हत्यार आणि सेटिंग झालं, आता लिखाण. इंग्रजी अक्षरं हवेत लिहायला सोपी, प्रत्येक सुटं. आपल्या अक्षरांना वर एक सरळ दोरी लागते, आणि अंधारात ती दिसत नाही. मग खरीच दोरी बांधा. अगाशीत कपडे वाळत घालायची दोरी असतेच, तिच्या जागी काळा दोरा १६० सेंटिमीटर उंचीवर ताणून घ्या. त्यावर कपड्यांचे चिमटे लावा, प्रत्येक चिमटा म्हणजे अक्षराचा एक दंड. ‘शुभ दीपावली’ला आठ चिमटे लागतात: श, भ, दीच्या वेलांटीचा, प आणि त्याचा काना, व, ल आणि त्याच्या वेलांटीचा. द ला पूर्ण दंड नसतो म्हणून त्याला चिमटा नाही. डाव्या हाताने चिमटा चाचपायचा, उजव्या हाताने अक्षराचा पोटभाग काढून चिमट्याशी यायचं आणि सरळ ३५ सेंटिमीटर खाली. चिमटे लाकडी नकोत, काळे किंवा गडद निळे घ्या.

अंतरं: श, भ, प, व आणि ल ला ३५-४० सेंटिमीटर, दी ला ४५, काना आणि वेलांटीचा दंड आधीच्या दंडापासून १५-२०, दोन शब्दांत ३०. एकूण ३ मीटर होतात. क्रॉप सेन्सरवर १८ मिलिमीटरला ३.५ मीटर अंतरावरून साधारण सव्वाचार मीटर रुंदी फ्रेममध्ये येते, म्हणजे अगाशीत आरामात. तुमच्या खोलीत नाही. तिथे ‘शुभ’ एका फोटोत, ‘दीपावली’ दुसऱ्यात.

जोडरेघेचा उपाय दाबून धरायचं बटण. बोट दाबलं की पेटतो, सोडलं की विझतो, असा टॉर्च घ्या किंवा एलईडीच्या एका पायाच्या आणि सेलच्या मधे कागदाचा कपटा घालून बोटाने दाबा-सोडा. अक्षर संपलं, बोट उचललं, पुढच्या चिमट्याशी गेल्यावर परत. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, दोऱ्याला बोटाची नखं घासत, पण तिच्यातच बहुतेकांचं बिनसतं. अक्षर आपण हळू काढतो आणि शिरोरेघ सपकन ओढतो. वेग दुप्पट झाला की रेषा निम्मी मंद. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजत ३ मीटरला ६ सेकंद घ्या.

उलट्या अक्षरांसाठी उलटं लिहायला शिकू नका. नेहमीसारखं, आपल्या डावीकडून उजवीकडे लिहा, कॅमेऱ्याकडे तोंड करून. मग फोटो आडवा उलटा (आरशातल्यासारखा) करा. चिमट्यांची मांडणीही तुमच्या बाजूनेच.

वेळेसाठी बल्ब मोड (बटण दाबलेलं असेतो शटर उघडं) आणि लॉक होणारी रिमोटची तार. प्रत्येक अक्षराला ४ सेकंद, मधली सरकासरक, वर शिरोरेघ, ४०-४५ सेकंद धरून चला. रेषेवर त्याचा परिणाम नाही, वर सांगितलंच आहे. अर्धवट थांबायचं असेल तर मदतनिसाने लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा, लेन्सला न लावता. तेवढ्या वेळात टॉर्चचा रंग बदलता येतो.

मांजलपूर_तिसरा_मजला

मंडळी, आभार. एफ/११, आयएसओ १०० वर लाल रेषा खरंच लाल आली. चिमटे आज लावतो. दोन शंका. बहिणीकडे फक्त फोन आहे, तिला जमेल का? आणि दोरीला एलईडी बांधून फिरवलेला गोळा अगाशीत करता येईल का? काही ठिकाणी स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तारांचा गुंता) पेटवून फिरवतात तेही पाहिलं.

सुरसागर_सांज

स्टील वूल अगाशीत अजिबात नको. ते पेटतं लोखंड असतं, ठिणग्या बऱ्याच लांब उडतात आणि खाली पडल्यावरही काही क्षण जळत्या असतात. खालच्या घरातल्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे, शेजारच्या अगाशीवरची ताडपत्री, काहीही पेटेल. रेषाच हवी असेल तर फुलबाजी पुरते, एफ/१६, आयएसओ १००, उघड्यावर, शेजारी पाण्याची बादली.

गोळ्यासाठी आगीची गरजच नाही. ६० सेंटिमीटरची दोरी, टोकाला एलईडी आणि सेल टेपने तीन वेढे घट्ट. फरशीवर खडूची फुली, मुठीची उंची ८०-९० सेंटिमीटर. उभा गोल फिरवायचा, सेकंदाला साधारण एक फेरी, आणि मूठ फुलीच्या बरोबर वर जागच्या जागी ठेवून स्वतः तिच्याभोवती बारीक पावलांनी फिरायचं. लोक नेमकं उलट करतात. स्वतः जागेवर गिरकी घेतात, मग मूठच गोल फिरते आणि गोळ्याऐवजी भोपळा होतो. हिशेबाने अर्धी प्रदक्षिणा पुरते, कारण प्रत्येक फेरी गोळ्याच्या दोन्ही बाजू काढते. पण तुमचं अंग मधे येऊन काही रेषा अडवतं, म्हणून पूर्ण प्रदक्षिणा घ्या, २०-२४ फेऱ्या. वरून दोऱ्या गेल्या असतील तर आधी काढा. उत्तरायणानंतर (संक्रांतीच्या पतंगांनंतर) हेच करणार असाल तर दिवसा अगाशी झाडून घ्या, तुटका मांजा अंधारात दिसत नाही आणि दोरीत अडकला की बोट कापतो.

फोनचं: प्रो मोड असेल आणि त्यात शटर १०-३० सेकंदांपर्यंत जात असेल तर जमेल. अडचण अ‍ॅपर्चरची. बहुतेक फोनचं ते एफ/१.८ च्या आसपास पक्कं असतं, एफ/११ च्या मानाने पाच स्टॉपहून जास्त उघडं. म्हणजे रेषा पस्तीस-चाळीस पट उजळ. ते भरून काढायचं तर आयएसओ ५० आणि दिव्यावर कागदाचे थर, लाल एलईडी सगळ्यात सोयीचा. नाइट मोड वापरू नका. तो अनेक छोटे फोटो जोडून एक करतो, त्यामुळे रेषा जागोजागी तुटते. आयफोनमध्ये लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर केलेलं जेमतेम ३ सेकंदांचं असतं, एका अक्षरापुरतं.

नॉइज रिडक्शनबद्दल दांडियाबाजारवाल्यांशी माझं जरा वेगळं मत आहे. दिवाळीच्या गारव्यात बंद चालेल. वडोदऱ्याच्या मे महिन्यात नाही. सेन्सर तापला की काळ्या भागात लाल-निळे ठिपके उगवतात, आणि तापमान ६-८ अंशांनी चढलं की त्याला कारण असलेला करंट साधारण दुप्पट होतो. उन्हाळ्यात चालूच ठेवा. आणि पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट अगाशीत नेऊ नका, लेन्सवर दव धरतं. पिशवीत बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या.

दांडियाबाजार_डार्करूम

हरकत नाही, उन्हाळ्यापुरतं मान्य.

मांजलपूर_तिसरा_मजला

शेवटचं एक. अक्षरांच्या खाली अगाशीत रांगोळीही दिसायला हवी. फ्लॅश मारू का?

शिरोरेघ

फ्लॅश नको, वरून सपाट उजेड पडून रांगोळी छापल्यासारखी दिसते. माणूस फोटोत हवा असता तर गोष्ट वेगळी होती. १९४९ मध्ये छायाचित्रकार ग्यॉन मिलीने पिकासोला टॉर्चने हवेत चित्रं काढायला लावली तेव्हा शटर उघडंच होतं, पण पिकासो स्वतः दिसतो तो फ्लॅशच्या उजेडात. रांगोळी हलत नाही, तिला टॉर्च पुरतो. पिवळसर टॉर्च, काळ्या नळीसकट, रांगोळीच्या बाजूने जमिनीपासून एक वीतभर उंच धरून ३-४ सेकंद सावकाश फिरवा. कडेने आलेल्या उजेडात रांगोळीच्या रेघांना सावली पडते आणि त्या उठून दिसतात. कॅमेऱ्याकडून आलेल्या उजेडाने ते होत नाही. टॉर्च फिरवताना तुम्ही कॅमेरा आणि रांगोळी यांच्या मधे येऊ नका आणि एका जागी थांबू नका, थांबलात की तिथे पांढरा डाग.

मात्र हे एकाच फोटोत करू नका. अक्षरांसाठी फोटो उलटा करायचा आहे, आणि रांगोळीत ‘श्री’ किंवा ‘शुभ लाभ’ काढलं असेल तर तेही उलटं होईल. ट्रायपॉड न हलवता दोन फोटो घ्या, एक फक्त रांगोळीचा, एक फक्त अक्षरांचा. गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रांगोळीचा खाली, अक्षरांचा वरच्या लेअरवर, वरचा तेवढा आडवा उलटा करा आणि लेअर मोड ‘लाइटन ओन्ली’. वरच्या फोटोचा काळा भाग आपोआप नाहीसा होतो. अक्षरं उलटल्यावर फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला सरकतात, म्हणून दोरा पहिल्यापासून फ्रेमच्या बरोबर मधोमध बांधा.